निरीक्षक हजर

भावजी — म्हणून सांगतो, माणसाने जग पाहायला जगभर हिंडायची काडीमात्र गरज नाही. एक खिडकी, एक खुर्ची आणि रोजचा अर्धा तास. एवढ्यावर सगळी सृष्टी आपण होऊन समोर येऊन बसते. तो बघ, पलीकडच्या गच्चीवर बगळा. दहा मिनिटं झाली, मान हललेली नाही. याला म्हणतात साधना.

मेहुणी — भावजी, ती पिशवी आहे.

भावजी — कुठली पिशवी?

मेहुणी — प्लास्टिकची. टाकीच्या नळाला अडकलीय.

भावजी — तरीच. मी म्हटलं, बगळ्याला एवढा संयम परवडतो कसा.

मेहुणी — चष्मा पुसा जरा.

भावजी — चष्म्याचा दोष नाही गं. सवयीचा आहे. या खिडकीतून पक्षी बघायला मी आज पहिल्यांदा उभा राहिलोय.

मेहुणी — पहिल्यांदा? मग हे फ्रिजवर पत्र कसलं लावलंय? 'एकाच खिडकीतून सलग अकरा वर्षं, रोज न चुकता पक्षी मोजणारं आमच्या मंडळाच्या नोंदीतलं एकमेव घर. एकसष्ट जाती.' काल रात्री आल्या आल्या मोठी कात्री शोधत होते, ती काही मिळाली नाही, हे वाचलं. कौतुकाने डोळे भरून आले माझे. आणि तुम्ही पिशवीला बगळा म्हणताय?

भावजी — पत्र खरं आहे. पाहायची तुझी ताई. मी लिहायचो.

मेहुणी — म्हणजे तुम्ही अजिबातच पाहायचा नाहीत?

भावजी — लिहिणाऱ्याने मान वर करायची नसते. मान वर केली की आकडा हुकतो. ती खिडकीत बसायची, मी या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून. ती म्हणायची, 'साळुंकी, दोन.' मी लिहायचो, साळुंकी, दोन. छत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होतो, तिथे तरी वेगळं काय केलं? साक्षीदाराने बोलायचं, आपण उतरवायचं. त्याच्या तोंडाकडे पाहिलं की हात अडखळतो.

मेहुणी — अकरा वर्षांत एकदाही मान वळवावीशी वाटली नाही?

भावजी — एकदा वळवली. घार थेट खिडकीच्या गजावर येऊन बसली तेव्हा. तेवढ्यात तीन चिमण्या लिहायच्या राहून गेल्या. आठवडाभर ऐकून घेतलं मी.

मेहुणी — ताई म्हणजे ताईच.

भावजी — गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर जिना सुटला आणि खिडकी धरली तिने. पहिल्या महिन्यात चारच पक्षी माहीत होते. कावळा, चिमणी, पारवा आणि 'इतर'. दुसऱ्या वर्षी ती कावळे एकेकटे ओळखायला लागली. वाकड्या चोचीचा तो हेडक्लार्क. सगळ्यांच्या मागून येतो आणि सगळ्यांच्या आधी जेवतो. लोक लांबच्या तळ्यावर गाड्या भरभरून जातात, खिशांची जाकिटं घालतात, आणि परत आल्यावर त्यांना स्वतःच्या गच्चीवर कोण बसतं ते सांगता येत नाही. हिला विचारावं, आज पारवे कमी का? म्हणायची, कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने मांजर पाळलंय.

मेहुणी — भावजी.

भावजी — हं.

मेहुणी — ताईला जाऊन आठ महिने झाले.

भावजी — येत्या सोमवारी होतील.

मेहुणी — मग ही कालची यादी कोणी सांगितली? हे काय लिहिलंय इथे? कावळे अकरा, पारवे बावीस, बुलबुल दोन, शिंपी एक. आणि खाली, निरीक्षक म्हणून ताईचं नाव. लेखनिक म्हणून तुमचं.

भावजी — घडलं तसं उतरवलंय.

मेहुणी — इकडे बघा. माझ्या बोटाकडे. आता इकडे. रात्री झोप लागते का? गोळ्या घेता ना वेळेवर?

भावजी — नर्सची नोकरी संपली तुझी तीन वर्षांपूर्वी.

मेहुणी — नोकरी संपली, नर्स संपली नाही. खरं सांगा, मनानेच लिहिता ना हे आकडे?

भावजी — मनाने? मी? अगं, छत्तीस वर्षांत एक स्वल्पविराम मनचा घातला नाही मी. एकदा आरोपी शिंकला, तीही शिंक नोंदवली. पुढे त्या शिंकेवर पाऊण तास युक्तिवाद झाला.

मेहुणी — मग कोणाचं ऐकून लिहिता?

भावजी — ते ठरवणं लघुलेखकाचं काम नाही. कानावर पडलं ते लिहायचं.

मेहुणी — भावजी, मला भीती वाटायला लागलीय.

भावजी — मलाही वाटली होती. पहिले चार दिवस. मग अक्षर सुधारलं.

मेहुणी — आणि त्या मंडळाला कळवलं का नाहीत, ताई गेली म्हणून?

भावजी — कुठे कळवणार? फॉर्म बघ त्यांचा. वारा, असा रकाना आहे. ढग आहे. धुकं आहे. मांजर आहे. 'निरीक्षक वारला' असा रकानाच नाही. मी तीन वेळा उलटसुलट पाहिलं. शेवटी त्या दिवशी 'मांजर' मध्ये 'नाही' लिहिलं आणि पाठवून दिला.

मेहुणी — आता ताईच्या नावाने सत्कार ठरलाय. आणि सत्काराआधी खात्री करायला आज तो तपासनीस येतोय. सकाळी सव्वासहाला! पत्रात लिहिलंय. त्याला काय सांगणार?

भावजी — विचारेल तेवढं.

मेहुणी — नाही. तुम्ही सांगायचं, ताई गेल्यापासून मीच पाहतो आणि मीच लिहितो. चुकून नाव तिचं पडलं, हाताच्या सवयीने. माणूस समजून घेईल.

भावजी — खोटी साक्ष होईल ती.

मेहुणी — आणि खरं सांगितलंत तर? आठ महिन्यांच्या याद्या फाडून टोपलीत टाकतील!

भावजी — तेवढ्याचीच धास्ती आहे. त्या टाकल्या की तिची मोजणी आठ महिन्यांपूर्वीच थांबली असं होतं. आणि मग उद्या साडेसहाला मी या खुर्चीत बसायचं कशासाठी, हे मला कोणी सांगू शकणार नाही.

मेहुणी — माझ्याकडे चला. त्यासाठीच आलेय मी. खोली रिकामी केलीय तुमच्यासाठी. खिडकीसुद्धा आहे.

भावजी — काय दिसतं त्यातून?

मेहुणी — शेजाऱ्यांची भिंत.

भावजी — निरीक्षण लवकर आटपेल.

मेहुणी — बेल वाजली! आला वाटतं. भावजी, पाया पडते, तुम्ही गप्प बसा. मी बोलते.

तपासनीस — नमस्कार. पक्षीगणना मंडळाकडून. सव्वासहा म्हणालो होतो, सहा चौदा झालेत. मिनिटभर बाहेर थांबू का?

भावजी — या, या. एवढं वेळेवर येणारा माणूस मी कोर्टात एकच पाहिला. तो जामिनावर होता.

तपासनीस — खिडकी हीच ना? रुंदी चार फूट असं नोंदवलंय. टेप लावतो हं, नियम आहे. ...तीन फूट अकरा. चालेल. निरीक्षक बाई कुठे आहेत?

मेहुणी — आंघोळीला गेल्यात.

भावजी — वारली. आठ महिने झाले.

मेहुणी — भावजी!

तपासनीस — क्षमा करा. आंघोळीला, की...

भावजी — वारली. ही तिची धाकटी बहीण. हिला खोटं बोलायची सवय नाही, म्हणून जमलं नाही.

तपासनीस — अरे... अरे. वाईट झालं. आम्हाला कळवलं नाहीत.

भावजी — रकाना नाही.

तपासनीस — खरंय. रकाना नाही. सुचवतो मी वरती. पण काका, मग या आठ महिन्यांच्या याद्या? दोनशे एकेचाळीस आहेत. निरीक्षक म्हणून बाईंचंच नाव आहे.

भावजी — सांगणारी ती. लिहिणारा मी.

तपासनीस — मला समजलं नाही.

मेहुणी — अहो, धक्का बसलाय त्यांना. पन्नास वर्षांचा संसार. तुम्ही त्या याद्या ठेवून घ्या ना कुठेतरी कपाटात, काय बिघडतंय?

तपासनीस — बिघडतं, बाई. फार बिघडतं. तुम्हाला कल्पना नाही या खिडकीची. मंडळात मोठमोठ्या दुर्बिणी असलेले सभासद आहेत. वर्षातून दोनदा जंगलात जातात, तीनशे फोटो पाठवतात, आणि पक्षी वाढले की घटले ते कोणालाच कळत नाही. ते कळतं या असल्या खिडकीतून. रोज, तीच वेळ, तोच पाइप, तीच गच्ची. लाँड्रीचं कौलारू छप्पर काढून पत्रा टाकला त्या महिन्यात चिमण्या चाळीसवरून नवावर आल्या. हे बाईंच्या यादीने दाखवलं. त्यावर तीन शहरांत छपरांना चिमण्यांच्या घरट्यांसाठी खोके लावले लोकांनी. हिवाळा कधी सुरू झाला ते मी कॅलेंडरात बघत नाही. या घरच्या यादीत धोबी पक्षी आला की स्वेटर काढतो.

भावजी — हे तिला कोणी सांगितलं नाही कधी.

तपासनीस — सत्कारात सांगणार होतो. आणि म्हणूनच माझी अडचण आहे. गेल्या महिन्यात मी न सांगता चार दिवस खाली लाँड्रीपाशी उभा राहिलो होतो. खात्री म्हणून. घरी जाऊन तुमच्या याद्यांशी ताडून पाहिलं. चारही दिवस तंतोतंत. तिसऱ्या दिवशी तर एक शिंपी माझ्याकडून सुटला होता, तो तुमच्यात होता. आता तुम्ही म्हणता, पाहणारं माणूसच नाही.

मेहुणी — म्हणजे ते कानाने ओळखत असतील! अकरा वर्षं पाठीमागे किलबिल चाललीय, माणूस शिकणार नाही का?

भावजी — पारवा आणि प्रेशर कुकर यांतला फरक मला अजून खात्रीने सांगता येत नाही.

तपासनीस — काका, असं करू. साडेसहा ते सात. मी खिडकीत बसून माझी यादी करतो, मनातल्या मनात. तुम्ही तुमच्या जागी बसा, रोजच्यासारखे. सातला दोन्ही याद्या समोरासमोर ठेवू. जुळल्या तर नाव कोणाचं टाकायचं ते पुढचं पुढे. नाही जुळल्या, तर मला आठ महिने बाद करावे लागतील. मनात नसलं तरी.

भावजी — मान्य.

तपासनीस — बाई, तुम्ही कुठे बसणार?

मेहुणी — या दारातल्या स्टुलावर. तिथून दोघांवरही लक्ष राहील.

तपासनीस — फक्त एक विनंती. मोजणी चालू असताना कोणीही बोलायचं नाही. पेन कुठे गेलं माझं? या जाकिटाला अकरा खिसे आहेत. मिळालं. साडेसहा. सुरू.

(बराच वेळ दोन पेनांखेरीज कशाचाही आवाज नाही. लघुलेखक खिडकीकडे पाठ करून, मान खाली घालून लिहितो आहे. मधूनच थांबतो, ऐकतो, पुन्हा लिहितो.)

— धोबी, एक. पाइपावर.

तपासनीस — बाई, मी विनंती केली होती.

मेहुणी — कसली?

तपासनीस — बोलू नका म्हणून.

मेहुणी — मी कुठे बोलले? मी तर जांभईसुद्धा तोंड मिटून दिली.

तपासनीस — शू. तीन मिनिटं उरलीत.

भावजी — सात.

तपासनीस — सात वाजले. पेन खाली ठेवा. आणा तुमची यादी. कावळे, माझे तेरा.

भावजी — तेरा.

तपासनीस — पारवे एकोणीस.

भावजी — एकोणीस.

तपासनीस — साळुंकी चार. बुलबुल दोन. चिमण्या सात. घार एक, उंचावर.

भावजी — 'घार, एक. खूप वर.' आहे.

तपासनीस — धोबी एक.

भावजी — 'धोबी, एक. पाइपावर.'

तपासनीस — सगळं जुळलं. काका, कमाल आहे. फक्त तो धोबी धरता येणार नाही. मी पाइपाकडे बघतच नव्हतो. बाई म्हणाल्या म्हणून पाहिलं, तर खरंच बसला होता शेपटी हलवत. या हंगामातला पहिला. पण बाहेरून मदत झाली ती झाली.

मेहुणी — अहो, किती वेळा सांगू? मी बोललेच नाही! मला धोबी नावाचा पक्षी असतो हे तुम्ही मघाशी म्हणालात तेव्हा कळलं.

तपासनीस — मग कोण म्हणालं?

मेहुणी — मी काहीसुद्धा ऐकलं नाही. फक्त तुम्ही माझ्यावर खेकसलात ते ऐकलं.

तपासनीस — माझ्या उजव्या हाताला. खुर्चीच्या इथून. बाईमाणसाचाच आवाज... बाई, तुम्ही जरा म्हणून दाखवता का? 'धोबी, एक. पाइपावर.'

मेहुणी — धोबी, एक. पाइपावर.

तपासनीस — नाही. हा नव्हे. तो घाईतला होता. आणि नावानंतर जरा थांबून आकडा. शेवटी बारीकसा खाकरल्यासारखा...

भावजी — तुम्हाला ऐकू आलं?

तपासनीस — आलं म्हणजे, चांगलं स्पष्ट...

भावजी — तुम्हाला ऐकू आलं. बसा. उभे का? बसा ना. पाणी देऊ? आठ महिने मी लिहितोय. खरं की भास, ते ठरवायचं आपलं काम नाही म्हणत लिहितोय. दुसऱ्या कोणाच्या कानावर पडेल असं... मला जरा रुमाल दे गं.

मेहुणी — घ्या.

तपासनीस — काका, मी निघतो आता.

भावजी — निकाल?

तपासनीस — हो. निकाल. नियमावली आहे माझ्याकडे, एका खिशात. ही. नियम चार. 'निरीक्षक मोजणीच्या संपूर्ण वेळेत खिडकीपाशी हजर असावा.'

भावजी — हयात असावा, असं म्हटलंय का कुठे?

तपासनीस — नाही. ते लिहायची गरज वाटली नव्हती कोणाला.

भावजी — मग जेवढं लिहिलंय तेवढ्यावर जायचं. कोर्टात तसंच असतं.

तपासनीस — जेवढं लिहिलंय तेवढ्यावर. बरोबर. मी काय लिहितो बघा. 'प्रत्यक्ष तपासणी केली. निरीक्षक हजर.' ही सही. जरा वाकडी आलीय, तेवढं सांभाळून घ्या. याद्या राहतील. सगळ्या.

भावजी — उपकार झाले.

तपासनीस — नाही, नाही. नियम आहे. आणि सत्काराला त्या... म्हणजे कसं करायचं?

भावजी — तिला नाही जमायचं. ऑपरेशन झालेले गुडघे तिचे, आणि तुमचं सभागृह तिसऱ्या मजल्यावर.

तपासनीस — हो, लिफ्टही बंद असते. प्रशस्तिपत्र घरीच पाठवतो. टपालाने. मी स्वतः नाही येणार बहुतेक. अच्छा काका. अच्छा बाई. आणि... इकडे, खुर्चीकडे पण, नमस्कार.

मेहुणी — चहा तरी घेऊन जा!

भावजी — गेला तो. दोन-दोन पायऱ्या गाळत उतरतोय. जाकिटाचे खिसे वाजताहेत बघ.

मेहुणी — भावजी, मला का नाही ऐकू आलं?

भावजी — काय सांगू.

मेहुणी — तो कोण कुठला टेप घेऊन आलेला माणूस. त्याला आलं. मी तिची सख्खी बहीण, चार हातांवर बसले होते. तीच खोली, तोच क्षण. अठरा वर्षं एका गादीवर झोपलोय आम्ही. ती झोपेत काय बडबडायची तेसुद्धा मला कळायचं.

भावजी — तू आमच्यावर लक्ष ठेवून होतीस. तो पक्ष्यांवर ठेवून होता.

मेहुणी — नाही. रागावलीय ती. शेवटचा महिना मी आले नाही. आयुष्यभर परक्या माणसांच्या उशाशी जागले, आणि तिच्या वेळेला फोनवर म्हणाले, ताई, पुढच्या आठवड्यात नक्की. तीन वेळा म्हणाले. तुम्हाला काही बोलली का ती? त्याबद्दल? गेल्यानंतर?

भावजी — ती दुसरं काहीच बोलत नाही गं. साडेसहा ते सात, आणि पक्ष्यांपुरतं. वेळेची पक्की. एकदा न राहवून मी विचारलं, बरी आहेस का? तर म्हणाली, 'सातभाई, सात.'

मेहुणी — तेवढंच?

भावजी — तेवढंच. मग थोड्या वेळाने, 'सहा. एक उडाला.' पुन्हा विचारलं नाही मी. मोजणीत खंड पडतो.

मेहुणी — तुम्ही येणार नाही ना माझ्याकडे?

भावजी — तूच राहा चार दिवस. स्टूल आत घे, दारात नको. आणि माझ्याकडे बघू नकोस. बाहेर बघ.

मेहुणी — पक्षी ओळखता येत नाहीत मला.

भावजी — मला कुठे येतात.

मेहुणी — बरं. राहते. पण उद्या ती आली की माझ्यासाठी एक विचाराल? पक्ष्यांच्या मध्ये कुठेतरी, हळूच. तिने नाही सांगितलं तरी चालेल.

भावजी — मोजणी थांबली तरी विचारीन. काय विचारू?

मेहुणी — घरातली मोठी कात्री कुठे ठेवलीय ते.